परसात कोंबड्या किती ठेवाव्यात? आकडा पावसाळ्यावरून ठरवावा

परसात कोंबड्या पाळायचे ठरले की घरात पहिली चर्चा बहुधा जातीची होते: गावठी घ्यावी, गिरिराज घ्यावी, की सध्या सगळीकडे नाव निघते तो कडकनाथ घ्यावा. माझ्या मते पहिली चर्चा संख्येची व्हायला हवी. जात चुकली तर वर्षाकाठी अंडी थोडी कमी मिळतात, एवढेच. पण संख्या चुकली तर कोंबड्यांचे हाल होतात, खुराड्याला वास सुटतो, शेजाऱ्यांची नाराजी ओढवते आणि वर्ष संपायच्या आत सगळा संसार आवरावा लागतो. आमचे घर चिपळूणजवळ आहे, आणि मी पहिल्या वर्षी ही चूक पुरती केलेली आहे. म्हणून हा लेख जे पहिल्यांदाच तीन-चार ते दहा-बारा कोंबड्यांचा विचार करीत आहेत, त्यांच्यासाठी लिहीत आहे. शंभर-दोनशे पक्ष्यांच्या व्यवसायाचे गणित वेगळे असते आणि ते येथे घेतलेले नाही.

संपूर्ण लेखाचा आधार असलेली एक गोष्ट आधीच सांगतो. आपण कोंबड्या घेतो तेव्हा हवा चांगली असते, परस कोरडा असतो आणि उत्साह असतो, त्यामुळे आठ कोंबड्या सहज मावतील असे वाटते. आकडा मात्र वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसांवरून काढावा लागतो: झड लागलेल्या जुलैच्या आठवड्यावरून, मे महिन्यातल्या भर दुपारवरून, आपण गावाला गेलेल्या चार दिवसांवरून, आणि कोंबड्या तीन वर्षांच्या झाल्यावर त्यांचे काय करायचे यावरून. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान निघेल, तो आपला.

पहिली पायरी: घरात अंडी किती लागतात ते मोजावे

अंदाज न बांधता एक महिनाभर स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज किती अंडी वापरली ते लिहून ठेवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे, म्हणजे आठवड्याला साधारण साडेतीन. चौघांच्या घरात हे वर्षाला ७२० आणि आठवड्याला सुमारे १४ अंडी होतात. प्रत्यक्षात आपल्याकडे बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असे वार पाळले जातात, श्रावणात कित्येक घरी अंडे शिजतच नाही, आणि नवरात्रातही तेच. कोंबडी मात्र श्रावण पाळत नाही. त्यामुळे ज्या घरी वर्षातले दीड-दोन महिने अंडी खाल्ली जात नाहीत, त्यांनी त्या काळातली अंडी कोणाला द्यायची हे आधी ठरवावे, अथवा आकडाच एकाने कमी धरावा.

आता कोंबडी किती अंडी देते ते पाहू. अंडे शरीरात तयार व्हायलाच २४ ते २६ तास लागतात, म्हणून कोणतीही कोंबडी दिवसाला एकापेक्षा अधिक अंडी नियमितपणे देऊ शकत नाही. आणि परसातली कोंबडी रोज एक अंडेही देत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. तीही सलग देत नाही: बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसू पाहते, आणि तिला अंड्यांवर बसू दिले तर २१ दिवस उबवण्यात आणि पुढचे सहा-आठ आठवडे पिल्ले सांभाळण्यात घालवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी विकसित केलेल्या जातींपैकी वनराज परसातल्या परिस्थितीत सुमारे ११० अंडी देते, तर ग्रामप्रिया खाद्य नीट मिळाल्यास १६० ते १८० पर्यंत जाते. मोठ्या पोल्ट्रीत दिसणाऱ्या पांढऱ्या संकरित कोंबड्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात. पण ती किमया मोजलेल्या खाद्याची, १६ तासांच्या उजेडाची आणि बंदिस्त व्यवस्थेची आहे. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि जूनमध्येही १३ तासांच्या थोडा पुढे जातो, म्हणून त्या आकड्यांची अपेक्षा परसात धरू नये.

लक्षात ठेवायला सोपे असे माप मी वापरतो ते असे. चांगली सुधारित कोंबडी म्हणजे दिवसाला अर्धे अंडे, वनराजसारख्या तीन कोंबड्या मिळून दिवसाला एक अंडे, आणि गावठी पाच-सहा कोंबड्या मिळून दिवसाला एक अंडे. आठवड्याला १४ अंडी हवी असतील, तर ग्रामप्रियासारख्या ४, वनराजसारख्या ६ ते ७, अथवा गावठी ११-१२ कोंबड्या लागतील. शेवटचा आकडा पाहून कोणी दचकण्याचे कारण नाही. गावठी कोंबडी आपले निम्मे-अधिक पोट स्वतः उकरून भरते, म्हणूनच वाडीवर मोकळ्या फिरणाऱ्या डझनभर कोंबड्या पूर्वी कोणाला जड गेल्या नाहीत. कुंपणाच्या आत कोंडून मात्र डझनभर गावठी पाळणे म्हणजे खाद्याचा खर्च सुधारित कोंबडीचा आणि अंडी गावठीची, असा व्यवहार होतो.

दुसरी पायरी: खुराड्याचे माप झडीच्या दिवसाला लावून पाहावे

जागेच्या बाबतीत पुस्तकी आकडे दोन प्रकारचे दिसतात आणि नवख्याचा गोंधळ तेथेच होतो. कोंबड्या दिवसभर बाहेर असतील आणि फक्त रात्री डालायच्या असतील, तर खुराड्यात प्रत्येकी दोन ते अडीच चौरस फूट जागा चालते. दिवसाही त्या आतच राहणार असतील, तर प्रत्येकी निदान चार चौरस फूट लागतात, आणि खुराड्याला जोडून जाळीचे अंगण असेल तर तेथे प्रत्येकी आठ ते दहा चौरस फूट वेगळे धरावेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला कदाचित पहिल्या मापावर भागवता येईल. कोकणात, मावळात किंवा पश्चिम घाटाच्या कडेला राहणाऱ्याने दुसरेच माप धरावे, कारण येथे वर्षातले अडीच-तीन महिने दिवससुद्धा रात्रीसारखे काढावे लागतात.

माझे खुराडे चार फूट गुणिले पाच फूट, म्हणजे २० चौरस फुटांचे होते. रात्रीच्या मापाने त्यात आठ कोंबड्या बसत होत्या, म्हणून दिवाळीनंतर मी आठ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. मे महिन्यापर्यंत काही अडले नाही. सकाळी दार उघडले की त्या माडांखाली पांगायच्या आणि दिवेलागणीला आपापल्या आत यायच्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेना. जाळीतल्या अंगणाचा चिखल झाला, कोंबड्या दारापर्यंत येऊन परत फिरू लागल्या, आणि वीस चौरस फुटांत आठ जणी दिवसच्या दिवस उभ्या राहू लागल्या. तळाशी घातलेले भाताचे तूस चार दिवसांत ओले होऊन गुठळ्या धरू लागले आणि सकाळी आत वाकले की डोळे चुरचुरत. जुलैच्या एका संध्याकाळी खाद्य घालताना एक तांबूस कोंबडी पुढे येत नाही असे दिसले. ती अंड्यांच्या पेटीमागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला उचलले तेव्हा शेपटीच्या बुडाशी पिसे उरली नव्हती, कातडी उघडी पडली होती आणि मधोमध रुपयाएवढी ओली जखम होती. बाकीच्यांनी तिला टोचून टोचून हे केले होते, आणि आम्ही रोज दोनदा खाद्य घालूनही ते आम्हाला दिसले नव्हते. तिला पंधरा दिवस पडवीत डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, वेगळे ठेवले. ती जगली. दोन कोंबड्या शेजारी दिल्या, पावसाळा सरेपर्यंत आणखी एक गेली, आणि पाच उरल्यावर त्याच खुराड्यात शांतता आली. वीस चौरस फूट भागिले चार हे उत्तर पहिल्या दिवशीच पाच आले असते.

रक्त दिसले की कोंबड्या त्या जागी पुन्हा पुन्हा चोच मारतात, म्हणून जखमी कोंबडी त्याच क्षणी वेगळी करणे भाग असते. त्यासाठी आजारी पक्ष्याची एक स्वतंत्र जागा, मग ते डालगे असो, जुनी पेटी असो वा जाळीचा कोपरा असो, पहिल्या दिवसापासून हवी. ती संख्येत धरू नये.

जागेबरोबर आणखी तीन मापे तपासावीत. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला आठ ते दहा इंच लांबी लागते. अंडी घालायची फूटभर लांब-रुंद पेटी चार-पाच कोंबड्यांत एक पुरते. दोन ठेवल्या तरी सगळ्या मिळून एकाच पेटीसाठी रांग लावतात, हा अनुभव सर्वांना येतो. तिसरे माप हवेचे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे पारा ४० च्या पुढे जाणाऱ्या गावांत पत्र्याच्या कोंदट खुराड्यात गर्दी असेल तर एका दुपारीत कोंबड्या दगावू शकतात. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडच्या माणसाला म्हणून जुलैपेक्षा मे महिन्याचे माप आधी लावावे लागेल: दुपारी सगळ्या कोंबड्या एकमेकींना न चिकटता सावलीत पंख सैल सोडून बसू शकतात का, हे पाहावे.

तिसरी पायरी: तीनपेक्षा कमी ठेवू नयेत

जास्तीची बाजू झाली, आता कमीची. एकटी कोंबडी पाळू नये. कोंबडी कळपात राहणारा जीव आहे. एकटी ठेवली तर ती सतत ओरडते, खाणे कमी करते आणि माणसाच्या पायात घोटाळत राहते. दोन ठेवल्या तर त्यांतली एक मुंगसाने नेली की दुसरी एकटी पडते. तीन ही खरी सुरुवात आहे आणि चार अधिक चांगली.

कळपात कोणी कोणाला चोच मारायची याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेचे थोर्लेइफ श्येल्डरुप-एबे यांनी ती १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांचेच निरीक्षण करून मांडली. ही उतरंड एकदा बसली की भांडणे थांबतात; कळपात एक नवी आली की ती सगळी पुन्हा मांडली जाते आणि नवीला सर्वांकडून मार बसतो. म्हणून कळपात भर घालायची ती एकीची घालू नये, दोन किंवा तीन जणींची घालावी, म्हणजे मार विभागला जातो आणि नव्या पक्ष्यांना एकमेकींची सोबत राहते. याचा संख्येशी थेट संबंध आहे. आज खुराडे गच्च भरले, तर उद्या एक गेल्यावर तिच्या जागी एकच आणता येईल, आणि ते कोंबड्यांना मानवत नाही. दोघींची जागा नेहमी मोकळी असू द्यावी.

चौथी पायरी: कोंबडा हवा का?

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे पुष्कळ जणांना अजूनही खरे वाटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. कोंबडा नसला तरी तलंग वयात आली, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांची झाली, की अंडी देऊ लागते. ती अंडी फळलेली नसतात, एवढाच फरक. पिल्ले काढायची असतील तरच कोंबडा ठेवावा, आणि मग आठ ते दहा कोंबड्यांमागे एक असे प्रमाण धरावे. तीन-चार कोंबड्यांत कोंबडा ठेवला तर तो त्याच त्याच कोंबड्यांच्या पाठीवर वारंवार चढतो, त्यांच्या पाठीची आणि मानेची पिसे झडतात आणि नखांनी कातडी फाटते. पहाटे चारला आरवणारा कोंबडा वस्तीत शेजारधर्माचाही प्रश्न होतो. पिल्ले हवीतच असतील, तर गावातल्या कोणाकडून फळलेली अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवणे हा सोपा मार्ग आहे. सुधारित जातींत खुडूक होण्याची सवय फार कमी उरलेली असते, त्यामुळे चार सुधारित कोंबड्यांच्या जोडीला एक गावठी असावी, असे मी सुचवीन. ती अंडी कमी देईल, पण रवण तीच घालील, म्हणजे अंडी तीच उबवील, आणि पिल्लेही तीच वाढवील.

पिल्ले विकत घेणाऱ्यांना येथे एक सावधगिरी सांगायला हवी. परसाच्या जातींची एक दिवसाची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता विकली जातात. दहा घेतली तर त्यांत पाच नर निघणार असे धरावे, आणि उबेची, पावसाची, मांजराची चूक होऊन एखाद-दुसरे जाणार हेही धरावे. म्हणजे दहा पिल्लांतून हाती चार-पाच तलंगा येतात, पण चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत, कोंबडे आरवायला आणि झुंजायला लागेपर्यंत, नऊ वाढते पक्षी त्याच खुराड्यात असतात. ते कोंबडे कोण कापणार, कोण विकणार, हे घरात आधी बोलून घ्यावे. मुलांनी प्रत्येकाला नाव ठेवल्यानंतर ते बोलणे फार कठीण होते. जत्रेत आणि आठवडी बाजारात टोपलीतून विकली जाणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले ही बहुतेक करून अंड्यांच्या जातींमधले नको असलेले नर असतात. मुलांच्या हट्टापायी ती घेऊ नयेत. त्यांतली बरीचशी आठवडाभरही टिकत नाहीत. नवख्या माणसाने शक्य असेल तर तीन-चार महिन्यांच्या, मादी म्हणून ओळखू येणाऱ्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्याव्यात. त्या महाग पडतात, पण जितक्या हव्यात तितक्याच घेता येतात, आणि हाच त्यांचा मोठा गुण आहे.

पाचवी पायरी: खाद्य, विष्ठा आणि लस यांचे गणित

कोंडलेल्या मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. वर्षाचे साधारण ४० किलो झाले. आपल्या बाजारातला भाव त्यात घालून पाहावा. उदाहरणादाखल किलोला ४० रुपये धरले, तर एका कोंबडीचा वर्षाचा खर्च १,६०० रुपये आणि १८० अंडी मिळाल्यास दर अंड्यामागे सुमारे नऊ रुपये पडतात. कोंबड्या परसात फिरून गवत, किडे, वाळवी, सांडलेले दाणे टिपत असतील आणि घरातली कणी, कोंडा, भाजीची देठे मिळत असतील, तर हा खर्च बराच खाली येतो. पण ही वरकमाई परसाच्या आकाराएवढीच असते. दोन गुंठ्यांच्या जागेतले किडे आणि गवत चार कोंबड्यांना पुरवठ्याचे ठरतील. दहा जणी त्याच जागेची दोन महिन्यांत उजाड जमीन करतील, आणि मग प्रत्येक दाणा विकतचा घालावा लागेल. परसातले गवत टिकते आहे की नाही, हे संख्या बरोबर असल्याचे मला सर्वांत विश्वासाचे लक्षण वाटते.

लहान कळपाची एक वेगळी अडचणही आहे. पाच कोंबड्या महिन्याला १६-१७ किलो खाद्य खातात, म्हणून स्वस्त पडते म्हणून आणलेले ५० किलोचे पोते संपायला तीन महिने लागतात. पावसाळ्यात तेवढ्या काळात मक्याच्या भरड्याला बुरशी धरते, आणि बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतावर जाते. पोते दोघा-तिघांत वाटून घ्यावे, आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला लागेल तेवढेच आणावे. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, ते भरून काढण्यासाठी शिंपल्यांचा चुरा अथवा भाजून बारीक केलेली अंड्यांची टरफले वेगळ्या वाटीत ठेवावीत. पाणी प्रत्येकीला दिवसाला पाव लिटर धरावे, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

विष्ठेचा विचार कोणी करीत नाही. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या पुढे ओली विष्ठा टाकते. पाच जणींची रोज अर्धा किलोहून अधिक होते, आणि ती पालापाचोळ्याच्या खड्ड्यात मुरवली तर माडाला, केळीला, वांग्या-मिरचीला उत्तम खत होते. ताजी मात्र झाडाच्या बुंध्याशी घालू नये, ती रोपे जाळते. दहा जणींची किलोभराहून अधिक विष्ठा रोज मुरवायची, तर तेवढा सुका पाला, भुसा आणि जागा हवी. नसेल तर माश्या होतात आणि पहिली तक्रार कुंपणापलीकडून येते. नगरपालिकेच्या हद्दीत किंवा गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी पक्षी आणण्याआधीच तेथले नियम विचारून घ्यावेत.

लसीच्या बाबतीत मात्र लहान आकडा थोडा अडचणीचा आहे. राणीखेत रोगाला, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, उपचार नाही. तो आला की वाडीतली खुराडीच्या खुराडी दोन-चार दिवसांत रिकामी होतात, आणि त्यापासून वाचवणारी गोष्ट लस हीच आहे. परंतु लासोटासारखी लस बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत वापरून संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी फोडणे कोणाला परवडत नाही, म्हणून लस टाळली जाते आणि तेथेच घात होतो. याला उपाय जास्त कोंबड्या पाळणे हा नव्हे. वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवावा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवावे, आणि सकाळी कोंबड्या सोडायच्या आत घरोघर जाऊन लस द्यावी. आमच्याकडे असे सात घरांत मिळून करतात आणि एक कुपी जवळजवळ पुरी संपते. शिवाय एका घरची कोंबडी राहिली तर रोग तेथून सगळ्यांकडे जाऊ शकतो, त्यामुळे हे सगळ्यांनी एकाच दिवशी करण्यातच शहाणपण आहे.

सहावी पायरी: तिसऱ्या वर्षाचा हिशेब

कोंबडीची अंडी पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असतात आणि पुढे दरवर्षी साधारण १५ ते २० टक्क्यांनी उतरत जातात. दरवर्षी एकदा पिसे झडतात तेव्हा ती काही आठवडे अंडी देतच नाही. कोंबडी मात्र पाच-सात वर्षे सहज जगते. येथे घराघरांचा मार्ग वेगळा होतो आणि प्रत्येकाने तो प्रामाणिकपणे ठरवावा. ज्यांच्या घरी दोन-अडीच वर्षांची कोंबडी रश्श्यासाठी कापली जाते, त्यांचा आकडा कायम तोच राहतो: चार उतरल्या, चार नव्या आल्या. ज्यांच्याकडे ते होणार नाही, त्यांनी सुरुवातच अर्ध्यावर करावी. समजा आपण चार तलंगांनी सुरुवात केली, आणि अंडी कमी पडू लागली म्हणून दोन वर्षांनी तीन आणि आणखी दोन वर्षांनी तीन आणल्या, तर पाचव्या वर्षी परसात दहापर्यंत कोंबड्या असतील आणि त्यांतल्या नियमित अंडी देणाऱ्या पाच-सहाच. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. म्हाताऱ्या कोंबड्या किडे टिपतात, खत देतात, घराला सोबत करतात. पण त्यांना खुराड्यात चार चौरस फूट आणि रोजचे शंभर ग्रॅम खाद्य लागतेच, म्हणून खुराडे बांधतानाच पाचव्या वर्षाचा आकडा धरून बांधावे आणि कोंबड्या पहिल्या वर्षाच्या आकड्याने आणाव्यात.

गावी जाण्याच्या दिवसांचाही विचार येथेच करावा. गणपतीला, लग्नाला, आजारपणाला घर चार-पाच दिवस बंद राहते. पाच कोंबड्यांना सकाळी सोडणे, संध्याकाळी डालणे, पाणी बदलणे हे शेजारी आनंदाने करतात आणि मोबदल्यात तेवढ्या दिवसांची अंडी ठेवून घेतात. बारा कोंबड्यांचे हेच काम कोणावर सोपवताना आपल्यालाच संकोच वाटतो. ज्या माणसाला हे सांगणार, त्याला आकडा ठरवण्यापूर्वीच विचारावे.

एक उदाहरण मांडून पाहू

चौघांचे कुटुंब आहे, तालुक्याच्या गावाबाहेर दोन गुंठे परस आहे, आठवड्याला १२ ते १४ अंडी लागतात, पाऊस भरपूर आहे, आणि म्हाताऱ्या कोंबड्या ठेवायच्या आहेत. अंड्यांच्या हिशेबाने चार सुधारित कोंबड्या पुरेशा आहेत. रवण घालायला एक गावठी धरली की पाच झाल्या. पाचांना प्रत्येकी चार म्हणजे २० चौरस फूट खुराडे लागेल. पण पुढच्या वर्षांचा विचार करून ते पाच फूट गुणिले आठ फूट, म्हणजे ४० चौरस फूट बांधावे, जमिनीपासून दीड-दोन फूट उंचावर, उतरत्या छपराचे, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाळी असलेले. जोडून निदान ५० चौरस फुटांचे अंगण असावे आणि त्यातल्या अर्ध्यावर तरी पत्रा असावा, म्हणजे झडीतही कोंबड्यांना पाय मोकळे करता येतील. जाळी अर्ध्या इंचाची, जोडकाम केलेली घ्यावी. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला आणि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही.

कोंबड्या आणण्याची वेळ मी दिवाळीनंतरची सुचवीन. हवा कोरडी असते, आजार कमी असतात, आणि पाऊस लागेपर्यंत हाताशी सहा-सात महिने राहतात. तेवढ्यात कोंबड्यांना घर कळते आणि आपल्याला कोंबड्या कळतात. पहिला पावसाळा पाच जणींवरच काढावा, त्या काळात एकही नवी आणू नये, कोणी फुकट दिली तरी. रोज संध्याकाळी डालताना तीन गोष्टी पाहाव्यात: तळाचे तूस मुठीत दाबल्यावर त्याचा ओला गोळा होतो का, कोणाच्या शेपटीच्या बुडाशी पिसे विरळ झाली आहेत का, आणि खाद्य घातल्यावर कोणी मागे उभी राहते का. सप्टेंबर सरताना या तिन्हींचे उत्तर नाही असे असेल, आणि परसात गवत शिल्लक असेल, तर दोन आणखी आणायला हरकत नाही.

त्या दोन आणल्यावर त्यांना लगेच कळपात सोडू नये. बाजारातून आलेला पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी रोग घेऊन आलेला असू शकतो, म्हणून तीन आठवडे त्यांना परसाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे ठेवावे, त्यांचे भांडे वेगळे असावे, आणि आधी जुन्या कोंबड्यांचे काम उरकून मग नव्यांकडे जावे. त्यानंतर आठवडाभर जाळीच्या अलीकडे-पलीकडे त्यांना एकमेकींना पाहू द्यावे. मग एका रात्री, जुन्या सगळ्या दांडीवर झोपल्या की, नव्या दोघींना हळूच उचलून त्यांच्या शेजारी बसवावे, आणि सकाळी दार नेहमीपेक्षा लवकर उघडून खाद्य दोन वेगळ्या भांड्यांत, एकमेकांपासून लांब ठेवावे.